१६ कोटींचं इंजेक्शन आणि कोळंबीची सालं

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक मेसेज फिरत होता. कुठल्याशा लहान बाळाला दुर्मीळ आजार, त्यावरचं इंजेक्शन १६ कोटींचं, ज्याला जमेल त्याने मदत करा. समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी पैसे पाठवले आणि संध्याकाळी लिफ्टमध्ये मला गाठलं. "तू बायोटेक केलंयस ना गं? मग सांग, एवढ्याशा बाटलीत असं काय सोनं भरतात?"

आमची लिफ्ट कितीही रेंगाळली तरी सातव्या मजल्यापर्यंत एवढंच सांगून झालं की त्यात एक जनुक असतं. काकू म्हणाल्या, "बरं, मग?" त्या "मग"चं उत्तर लिफ्टमध्ये मावणारं नव्हतं.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. पाठीच्या कण्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या चेतापेशी असतात, त्यांना जगायला एक प्रथिन लागतं. ते बनवायची कृती एसएमएन१ नावाच्या जनुकात लिहिलेली असते. जनुक बिघडलं किंवा मुळात नसलंच, तर त्या पेशी एकेक करत मरतात. उपाय ऐकायला सोपा आहे: जनुकाची चांगली प्रत पेशीत पोचवा. प्रथिन २९४ अमिनो आम्लांचं, प्रत्येकासाठी डीएनएची तीन अक्षरं, म्हणजे कृतीचा मूळ मजकूर ९०० अक्षरांच्याही आत. आमच्या ग्रुपवर पाणीकपातीबद्दल याहून लांब मेसेज येतात. असा मजकूर प्रयोगशाळेच्या कामापुरता आज काही हजार रुपयांत बनवून मिळतो.

महाग आहे तो पोचवणारा. २०१९मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या या औषधात, झोल्गेन्स्मात, जनुक एका विषाणूच्या पोकळ केलेल्या कवचात भरलेलं असतं. डोस असतो बाळाच्या दर किलो वजनामागे ११० लाख कोटी कण. एवढे कण जिवंत पेशींमध्ये वाढवायचे, गाळायचे, ज्यांत जनुक भरलंच गेलं नाही ते वेगळे काढायचे. (औषधाचा दर ठरवताना कंपन्यांची आणखीही गणितं असतात. ती आज बाजूला ठेवते.) म्हणून जगभरातल्या बऱ्याच प्रयोगशाळा गेली तीस-पस्तीस वर्षं एकच गोष्ट शोधतायत: विषाणूशिवाय जनुक पेशीत पोचवता येईल का? त्यातला एक रस्ता पॉलिमरच्या, म्हणजे लहान तुकडे एकापुढे एक जोडून झालेल्या लांब साखळ्यांच्या, नॅनोकणांचा आहे. त्या रस्त्यावर मीही सहा महिने चालले होते, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी. फार लांब गेले नाही, पण खड्डे कुठे आहेत ते कळलं.

आधी मापं. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, हे वाक्य वाचून कुणालाही काही कळत नाही. त्यापेक्षा एका नॅनोमीटरला एक मिलिमीटर समजा. मग डीएनए होतो २ मिलिमीटर जाडीची तार. प्रयोगात वापरतात त्या ५,००० अक्षरजोड्यांच्या प्लास्मिडची, म्हणजे गोल बांधलेल्या डीएनएच्या कड्याची, लांबी १.७ मीटर, साधारण एका माणसाएवढी. आपली पेशी होते २० मीटरची, सहा-सात मजली इमारत. तिच्यातलं केंद्रक दोन मजल्यांची खोली. आणि डोक्याचा एक केस? ऐंशी-शंभर मीटर जाड. हे माप पुढे लागणार आहे, लक्षात असू द्या.

आता ती माणसाएवढी तार नुसतीच रक्तात सोडली तर? रक्तात डीएनए कापणारी विकरं असतात, ती काही मिनिटांत तिचे तुकडे करतात. त्यातून वाचलीच तर पेशी तिला दारात उभी करत नाही, कारण विजेचा भार. डीएनएच्या कण्यावर प्रत्येक अक्षरामागे एक फॉस्फेट असतो आणि प्रत्येक फॉस्फेटवर एक ऋणभार. ५,००० जोड्या म्हणजे १०,००० ऋणभार. पेशीचं आवरणही बाहेरून ऋणभारितच. दोघं एकमेकांना ढकलतात. शिवाय तार स्वतःलाही ढकलत असते, त्यामुळे ती घडी घालून घेत नाही. सुतळीसारखी लोळागोळा होईल असं वाटतं, पण आपल्या मापात पाचेक सेंटिमीटरपर्यंत ती ताठच राहते.

अपवाद आहेत. २०२१मध्ये आपल्याकडे मंजूर झालेली झायकोव-डी ही कोविडवरची लस म्हणजे नुसतं प्लास्मिडच होतं, सुईऐवजी दाबाने त्वचेत मारलेलं. पण लशीला थोड्या पेशींनी थोडंसं प्रथिन बनवलं तरी चालतं, पुढचं काम रोगप्रतिकार यंत्रणा करते. आजार बरा करायचा तर नेमक्या पेशींत, पुरेशा संख्येने जनुक पोचावं लागतं.

विषाणूंना हे काम जन्मजात येतं, म्हणून डॉक्टर आधी त्यांच्याकडे वळले. पण झोल्गेन्स्मातल्या विषाणूच्या पिशवीत जेमतेम ४,७०० अक्षरं मावतात. एसएमएन१ लहान म्हणून जमलं. स्नायू झिजवणाऱ्या ड्युशेन आजारात लागणाऱ्या डिस्ट्रॉफिन प्रथिनाची कृती ११,००० अक्षरांची आहे, ती बसतच नाही, कापून छोटी करावी लागते. शिवाय शरीर विषाणूला ओळखून ठेवतं. एकदा दिला की प्रतिपिंडं तयार, दुसरा डोस वाया. आणि कधी शरीर फारच जोरात उलटतं. सप्टेंबर १९९९मध्ये अमेरिकेत जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा अशाच एका चाचणीत, वेगळ्या जातीच्या विषाणूचा मोठा डोस घेतल्यावर, चार दिवसांत गेला. त्यानंतर हे क्षेत्र कितीतरी वर्षं दबकून चाललं.

तर मग डीएनएचा गोळा आपणच वळू, असा विचार. ऋणभार असलेल्या तारेला धनभार असलेली दुसरी साखळी भेटवली की दोघी एकमेकींना बिलगतात, तारेचं स्वतःला ढकलणं थांबतं आणि ती गुंडाळली जाते. यात नवं काही नाही. आपल्या प्रत्येक पेशीत दोन मीटर डीएनए (हे खरे मीटर बरं का, मघाचे नव्हेत) असाच हिस्टोन नावाच्या धनभारित प्रथिनांभोवती गुंडाळून ठेवलेला असतो. माणसाने त्याची नक्कल केली. १९८७मध्ये पॉलिलायसिन नावाच्या साखळीला यकृताच्या पेशी ओळखतील असं प्रथिन जोडून जनुक पाठवून पाहिलं गेलं. १९९५मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला जाँ-पॉल बेर यांच्या गटाने पॉलिएथिलिनइमिन, लघुरूपात पीईआय, पुढे आणलं आणि आज तीस वर्षांनी प्रत्येक नवा पॉलिमर त्याच्याशीच तोलला जातो. त्याच सुमारास आणखी एक उमेदवार आला, कोळंबीच्या सालांतून.

माझी गाठ पडली ती याच उमेदवाराशी. कायटोसान. कोळंबी, करंदी, खेकडा यांच्या कवचात कायटिन असतं, त्यापासून हे बनवतात. आमच्या मॅडम म्हणाल्या, पेशींवर वापरायला शुद्ध केलेलं विकत आणू, पण एकदा स्वतः काढून बघ, म्हणजे हातात काय आहे ते समजेल. म्हणून एका सकाळी बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यात गेले. एक मावशी कोळंबी सोलत बसल्या होत्या, बोटं अशी चालत होती की डोकं कधी मोडलं नि साल कधी निघालं कळत नव्हतं. मी सालं मागितली. त्यांनी आधी माझ्याकडे, मग शेजारणीकडे बघितलं. "नुसती सालं? आतली कोळंबी नको?" पिशवीभर फुकट मिळाली, आणि परतताना रिक्षावाल्याने दोनदा वळून पाहिलं.

सालं धुतली, वाळवली आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली. खायच्या सोड्यावर लिंबू पिळल्यासारखा फेस उसळला. तो कवचातला चुना विरघळत होता. मग कोमट सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं गेली आणि उरलं गुलाबीसर कायटिन, कागदाच्या चुऱ्यासारखं, कशातच न विरघळणारं. शेवटी तेच कडक कॉस्टिकमध्ये, उकळीच्या आसपास, काही तास. यात कायटिनच्या साखळीवरचे ॲसिटिल गट गळून पडतात आणि त्यांच्या जागी अमाइन गट उघडे पडतात. झालं कायटोसान. जमलं की नाही याची परीक्षा स्वयंपाकघरातली आहे: साध्या पाण्यात ते विरघळत नाही, व्हिनेगरच्या पाण्यात विरघळून चिकट दाट होतं. आंबट पाण्यात अमाइन गट हायड्रोजनचा धन आयन उचलतो, साखळीवर जागोजाग धनभार येतो, साखळ्या एकमेकींपासून दूर होतात. हाच धनभार आम्हाला हवा होता. माझ्या खोलीला मात्र पुढचे आठ दिवस बोंबलांचा वास येत होता.

कण बनवणं त्यामानाने किती सोपं! कायटोसानचं किंचित आंबट द्रावण डीएनएच्या द्रावणात घालायचं, हलवायचं, अर्धा तास ठेवायचं. स्वच्छ पाण्यावर तांदळाच्या धुवणाची पुसटशी छटा येते. ते कण. आपल्या मापात १.७ मीटरच्या एक-दोन किंवा काही तारा गुंडाळून मोठ्या डाळिंबाएवढा, दहा सेंटिमीटरचा गोळा.

डीएनए खरंच गुंडाळला का, हे जेलवर बघतात. अगारच्या वडीत बारीक खाचा, त्यांत नमुना, दोन टोकांना विजेच्या वायरी. ऋणभारित डीएनए धन टोकाकडे, म्हणजे लाल वायरीकडे पळतो. माझ्या पहिल्या जेलला मी लाल-काळ्या वायरी उलट लावल्या. अर्ध्या तासाने बघते तर वडी कोरी: सगळा डीएनए मागच्या मागे वडीबाहेर पाण्यात निघून गेलेला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "ऋणभार असतो यावर आता तरी विश्वास बसला ना?" दुसऱ्या दिवशी नीट लावलं. नुसता डीएनए पुढे पळाला. कायटोसान थोडं घातलेला, तोही पळाला. जास्त घातलेला खाचेतून हललाच नाही, कारण भार फिटला होता आणि गोळाही वडीच्या जाळीतून जाण्याएवढा लहान नव्हता. संशोधक या प्रमाणाला एन-पी गुणोत्तर म्हणतात: पॉलिमरच्या बाजूचे नायट्रोजन किती आणि डीएनएच्या बाजूचे फॉस्फेट किती.

मी खुश. मॅडमनी त्याच नमुन्यात हेपॅरिन घालायला सांगितलं. हेपॅरिन म्हणजे रक्त पातळ करायला देतात तेच, त्यावर भरपूर ऋणभार असतो. ते आलं की पॉलिमर त्याला जाऊन चिकटतो आणि डीएनए मोकळा होतो. पुन्हा जेल, आणि काही नमुन्यांत डीएनए पुढे पळालाच नाही. पॉलिमरने एवढं घट्ट धरलं होतं की सोडायला तयार नव्हता. पेशीत पोचूनही न सुटणारा डीएनए काय कामाचा? तोपर्यंत मला वाटत होतं, घट्ट बांधलं की काम झालं. खरी डोकेदुखी सोडण्याची आहे, आणि कुठे सोडायचं याची.

कारण आत गेल्यावरचा प्रवास बाहेरच्यापेक्षा वाईट. धनभारित गोळा पेशीच्या ऋणभारित आवरणाला चिकटतो, आवरण आत दुमडतं आणि गोळ्याभोवती पिशवी तयार होते. तिला एण्डोसोम म्हणतात. पाहुणा आत आला असं वाटतं, पण वॉचमनने त्याला थेट कचऱ्याच्या गाडीत बसवलेलं असतं, आणि गाडी निघालेली असते तुर्भ्याच्या डम्पिंग ग्राउंडला. वाटेत पेशी त्या पिशवीत आम्ल भरत जाते. रक्ताचा पीएच (आकडा जितका कमी, तितकं आंबट) ७.४, शेवटच्या थांब्यावर, लायसोसोममध्ये, ५ किंवा त्याहूनही खाली. म्हणजे रक्तापेक्षा किमान २५० पट आंबट, वर पचवणारी विकरं. गाडीतून वाटेतच उडी मारली नाही तर जनुकाचा निकाल लागला. बहुतेक कणांचा इथेच लागतो.

पीईआयची ख्याती आहे ती या उडीसाठी. त्याच्या कण्यात दर तिसरा अणू नायट्रोजनचा. रक्ताच्या पीएचला त्यातले थोडेच नायट्रोजन धनभारित असतात, बाकीचे रिकामे, जागा राखून. पिशवीत आम्ल यायला लागलं की हे रिकामे नायट्रोजन हायड्रोजन आयन टिपत राहतात. पीएच हवा तेवढा उतरत नाही म्हणून पेशी आणखी आयन आत ढकलते, त्यांच्यामागे क्लोराइड, क्लोराइडमागे पाणी. भिजवलेल्या साबुदाण्यासारखी पिशवी फुगते आणि फुटते. बेर यांनी मांडलेल्या या कल्पनेला प्रोटॉन स्पंज म्हणतात आणि ती इतकी गोड आहे की पाठ्यपुस्तकांत ती सिद्ध झाल्यासारखीच लिहितात. प्रत्यक्षात २०१३मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी पेशीच्या आतला पीएच मोजला, तर पीईआयमुळे लायसोसोमची आम्लता बदललेली दिसलीच नाही. कदाचित पॉलिमर पिशवीच्या भिंतीला थेट भोकं पाडत असेल, कदाचित दोन्ही. वाद मिटलेला नाही.

भोकं पाडण्याची ही सवय मात्र बाहेरच्या भिंतीलाही भोवते. प्रयोगाचा शेवटचा आठवडा माझ्या अजून डोळ्यांसमोर आहे. प्रयोगशाळेत वाढवतात त्या एचईके-२९३ जातीच्या मानवी पेशी, आणि त्यांत पाठवलेलं जनुक जेलीफिशमधल्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं. जनुक पोचलं, वाचलं गेलं, तर पेशी हिरवी दिसणार. सूक्ष्मदर्शकाखाली प्लेटमधली नुसत्या डीएनएची खळगी: काळोख. कायटोसानची: दिवाळीनंतरच्या आठवड्यात बाल्कनीत विसरून राहिलेल्या पणत्यांसारखे, इथे एक तिथे एक ठिपके. पीईआयची: अख्खी लोकल भरून हिरवा. कायटोसानवर सहा महिने घालवलेल्या मला ते बघून काय वाटलं असेल ते सोडा. दुसऱ्या दिवशी त्याच मापाच्या प्लेटवर जिवंत पेशी मोजायची चाचणी लावली. एमटीटी नावाचा पिवळा रंग घालतात, जिवंत पेशी त्याचा जांभळा करतात, मेलेल्या पेशींना ते जमत नाही. कायटोसानची सगळी रांग जांभळी, काहीच न घातलेल्या पेशींइतकीच. पीईआयच्या रांगेत डोस वाढेल तसा रंग उतरत गेला, आणि शेवटच्या दोन खळग्या लिंबू सरबतासारख्या पिवळ्या.

लांब साखळीचा पीईआय काम करतो आणि पेशी मारतो, आखूड साखळीचा पेशी मारत नाही आणि कामही करत नाही. कायटोसान गरीब गाय. त्याचे अमाइन गट ६.५ पीएचच्या आसपासच भार सोडायला लागतात, त्यामुळे रक्ताच्या ७.४ला ते जवळजवळ भारहीन, गोळा सैल पडतो नाहीतर एकमेकांना चिकटून साका होतो. त्यामुळे आहे तो पॉलिमर तसाच न वापरता त्यात बदल करायचे, हा गेल्या वीस-पंचवीस वर्षांतला उद्योग. शोधनिबंधांच्या शीर्षकात "सुधारित" हा शब्द येतो तो याचसाठी.

बदल कसले? काही बदल भाराचे. कायटोसानच्या अमाइनवर तीन मिथिल गट चढवले की भार कायमचा चिकटतो, पीएच काहीही असो. किंवा त्यावर इमिडाझोल नावाचा गट टांगतात. तो पीएच ६-७च्या आसपास आयन टिपतो, म्हणजे पिशवीतून उडी मारायला कायटोसानला पीईआयची थोडी विद्या शिकवल्यासारखं.

मला सर्वांत आवडलेला बदल गाठीचा आहे. आखूड, बिनविषारी पीईआयचे तुकडे घ्यायचे आणि गंधकाच्या जोड-गाठींनी एकमेकांना बांधून लांब साखळी करायची. रक्तात ही गाठ टिकते. पेशीच्या आत ग्लुटाथायोन नावाचं एक साधंसं संयुग रक्तद्रवाच्या शेकडो पट जास्त असतं आणि त्याचं कामच असल्या गाठी सोडवणं. आत गेलं की साखळीचे पुन्हा आखूड तुकडे, डीएनए सैल, विषही कमी. बाहेर घट्ट, आत सैल. हेपॅरिनच्या त्या जेलनंतर मला हे वाचून अक्षरशः हायसं वाटलं होतं. अमेरिकेत एमआयटीमधल्या रॉबर्ट लँगर यांच्या गटाने वेगळी वाट धरली: पाण्यात आपोआप तुटणाऱ्या एस्टर गाठींचे पॉलिमर, आणि तेही एकदोन नाही. २००३मध्ये त्यांनी यंत्राच्या मदतीने २,३५० वेगवेगळे पॉलिमर बनवून सगळे पेशींवर तपासले. कोणता चालेल हे आधी सांगता येत नाही, याची ही प्रामाणिक कबुलीच म्हणायची.

मग कोटाचा बदल. धनभारित गोळा रक्तात गेला की रक्तातली ऋणभारित प्रथिनं त्याला झोंबतात, गोळ्यांचे गठ्ठे होतात, ते फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात किंवा यकृतातल्या झाडूवाल्या पेशी त्यांना उचलतात. म्हणून वरून पॉलिएथिलिन ग्लायकॉलचा कोट चढवायचा. हे घरातलंच आहे, बद्धकोष्ठावर मॅक्रोगोल म्हणून जी पावडर देतात तीच जात. या कोटामुळे गोळा कुणाच्या डोळ्यांवर न येता फिरतो. पण पेशीच्याही डोळ्यांवर येत नाही! आत शिरणं अवघड होतं आणि पिशवीतून सुटणंही. काही जणांच्या शरीरात त्या कोटाविरुद्धच प्रतिपिंडं असतात. मग आंबट जागी गळून पडणारा कोट करा. मग त्या कोटाला पत्ता लिहा: यकृताच्या पेशींसाठी गॅलॅक्टोज ही साखर, बऱ्याच कर्करोगाच्या पेशींसाठी फोलिक आम्ल. प्रत्येक थर चढवला की एक अडचण सुटते, गोळा थोडा मोठा होतो, बनवणं थोडं किचकट होतं आणि दोन बॅच सारख्या निघण्याची शक्यता थोडी कमी होते. ही शेवटची गोष्ट निबंधात फारशी नसते, पण महापे-रबाळ्याच्या औषध कंपन्यांत क्वालिटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, फाइल तिथेच अडते.

केंद्रकाचं दार राहिलंच. आपल्या मापात ते जास्तीत जास्त चार सेंटिमीटर ताणतं आणि गोळा दहाचा. त्यामुळे बाहेरच सुटून डीएनएने एकट्याने आत शिरायचं, किंवा पेशी विभागताना केंद्रकाची भिंत काही काळ विरघळते, ती संधी साधायची. चेतापेशी आणि स्नायूपेशी विभागत नाहीत, म्हणजे तीही सोय नाही. एमआरएनएची, म्हणजे जनुकावरून उतरवलेल्या तात्पुरत्या प्रतीची, गोष्ट वेगळी. त्याला केंद्रकात जावंच लागत नाही, पेशीच्या मोकळ्या भागात पोचलं की वाचन सुरू. कोविडच्या एमआरएनए लशी इतक्या झटपट जमल्या त्यामागे हेही एक कारण आहे.

आणि त्या शर्यतीत पॉलिमर मागे पडले, हे कबूल करायला हवं. त्या लशींत चरबीचे नॅनोकण होते, तेही आंबट जागीच धनभारित होणारे. २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका तान्ह्या बाळासाठी खास त्याच्यापुरतं जनुक-दुरुस्तीचं औषध बनवलं गेलं, तेही चरबीच्या कणांतून यकृतात पोचलं. पॉलिमरलाही संधी मिळाली होती: सायक्लोडेक्स्ट्रिन या साखरेच्या कड्यांपासून बनवलेले कण २००८मध्येच कर्करोगाच्या रुग्णांना शिरेतून दिले गेले, आणि ते गाठींपर्यंत पोचून काम करतात हे २०१०मध्ये दाखवलंही गेलं. औषध मात्र बाजारापर्यंत आलं नाही. तरी लोक चिकटून आहेत, कारण पॉलिमरमध्ये जनुक कितीही लांब चालतं, कण सुकवून भुकटी करून ठेवता येतात आणि चरबीच्या कणांना यकृताबाहेर जायचा जो कंटाळा आहे, तो रसायन बदलून घालवता येईल अशी आशा आहे.

एक गंमत सांगायची राहिली. आमच्या घरापासून जेमतेम अर्ध्या तासावर, खारघरला, टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलने मिळून विकसित केलेली, ऑक्टोबर २०२३मध्ये मंजूर झालेली नेक्सकार१९ ही काही रक्तकर्करोगांवरची उपचारपद्धती तुम्ही वाचली असेल. परदेशातल्या तशाच उपचाराच्या साधारण दहाव्या हिश्शात होते म्हणून तिची चर्चा झाली. तिच्यात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढून त्यांत जनुक घालतात आणि ते घालतो विषाणूच. पण असे विषाणू मुळात बनतात कसे? एचईके जातीच्या पेशींत विषाणूच्या भागांची प्लास्मिडं सोडून. आणि ती प्लास्मिडं पेशींत शिरावीत म्हणून जगभरातले कितीतरी कारखाने सर्रास वापरतात पीईआय. तिथे पेशी नंतर मेल्या तरी कुणाला फरक पडत नाही, विषाणू गोळा झाला की त्या टाकूनच द्यायच्या असतात.

काकूंना हे सगळं दोन-तीन संध्याकाळींत, चहासोबत, तुकड्यातुकड्याने सांगितलं. डम्पिंग ग्राउंड त्यांना फार पटलं. पुढच्या आठवड्यात त्यांनीच मला एक बातमी पाठवली, समुद्री कवचांपासून बनवलेले कण कर्करोगावर जनुक पोचवणार म्हणून. मी विचारलं, प्लेटमधल्या पेशींवर केलंय की उंदरावर? प्लेटमध्ये रक्तद्रव घातला होता का, की कण आरामात तरंगत होते? चमकलेल्या पेशी किती ते लिहिलंय, जगलेल्या किती? काकूंनी चष्मा लावून पुन्हा वाचलं. "शेवटचं नाही लिहिलेलं."

त्या दिवशी त्यांच्याकडे कोळंबीचं कालवण होतं. ओट्यावर सालांचा ढीग. "मग ही टाकू का ठेवू तुझ्यासाठी?"

"टाका, काकू. ओल्या कचऱ्यात."